घरातून फॅमिली डे केअर सुरू करायचंय, सरकारची सबसिडी नक्की मिळते कोणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही ऑस्ट्रेलियात मेलबर्नला टार्नेटमध्ये राहता, पीआर (कायम राहण्याचा परवाना) आहे, सर्टिफिकेट थ्री (मुलं सांभाळण्याचा कोर्स) झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे आणि तिला सांभाळत सांभाळत घरातूनच फॅमिली डे केअर, म्हणजे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं काम, सुरू करायचंय, तर गव्हर्मेंट प्रोव्हायडरला किती सबसिडी देतं. आणि दुसरं म्हणजे मैत्रीण म्हणतेय की कमी इन्कमवाल्यांची ९० टक्के फी सरकारच भरतं, त्यामुळे फी जरा चढी लावली तरी पालकांना काही जाणवत नाही, हे खरंय का. मी मेलबर्नमध्येच आधी बरीच वर्षं एज्युकेटर, म्हणजे मुलं सांभाळणारी, होते आणि आता एका फॅमिली डे केअर सर्व्हिसमध्ये कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे पोरं सांभाळून टाइमशीट भरायचं काम पण केलंय आणि दुसऱ्यांच्या टाइमशीट तपासायचं पण करते. थोडं लांबेल उत्तर, पण हे आधी नीट कळलं तर पुढचा बराच त्रास वाचेल.

मुळात प्रोव्हायडरला म्हणून, म्हणजे तुम्हाला म्हणून, सबसिडी मिळतच नाही. चाइल्ड केअर सबसिडी, जिला आपण सगळे सीसीएस म्हणतो, ती पालकांची आहे. कुठल्या कुटुंबाला किती टक्के, किती तास, हे सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया, म्हणजे सेंटरलिंकवाले, त्या कुटुंबाच्या परिस्थितीवरून ठरवतात. फक्त पैसे पालकांच्या खात्यात न जाता थेट अप्रूव्ह्ड प्रोव्हायडरकडे जातात आणि तेवढी रक्कम पालकांच्या बिलातून वजा होते. २ जुलै २०१८ ला ही पद्धत सुरू झाली, त्याआधी चाइल्ड केअर बेनिफिट आणि चाइल्ड केअर रिबेट असं दोन वेगवेगळं असायचं. पैसे प्रोव्हायडरच्या खात्यात येतात म्हणून लोकांना वाटतं की प्रोव्हायडरला सरकार पैसे देतंय.

आणि आपल्या बाबतीत अजून एक पायरी मध्ये आहे. फॅमिली डे केअरमध्ये अप्रूव्ह्ड प्रोव्हायडर तुम्ही नसता, तुम्ही ज्या सर्व्हिसकडे रजिस्टर होता ती कंपनी किंवा संस्था असते. सीसीएस त्यांच्याकडे येते, ते त्यांची लेव्ही, म्हणजे सर्व्हिसचं शुल्क, कापून तुम्हाला पैसे देतात. तुम्ही बहुतेक ठिकाणी सेल्फ एम्प्लॉइड असता, स्वतःचा एबीएन (धंद्याचा नोंदणी नंबर), टॅक्स स्वतः बाजूला काढायचा, सुपर (निवृत्तीचा फंड) स्वतः भरायचं, आजारी पडलात तर सिक लीव्ह वगैरे काही नाही. म्हणून "गव्हर्मेंट किती देतं" यापेक्षा "माझ्याकडे येणाऱ्या पालकांना किती मिळतं, माझी फी त्यात कुठे बसते, आणि माझे कागद बरोबर आहेत का" हे बघायचं, तुमचं उत्पन्न या तीन गोष्टींवर उभं आहे.

आता ती ९० टक्क्यांची गोष्ट. जुलै २०२३ पासून वरची मर्यादा ९० टक्के झाली हे खरं, पण ती सगळ्यांना नाही. २०२५-२६ साठी नवरा-बायको दोघांचं मिळून उत्पन्न ८५,२७९ डॉलरपर्यंत असेल तर ९० टक्के, आणि त्याच्या वर दर ५,००० डॉलरला एक टक्का कमी होत जातो, ५,३५,२७९ डॉलरला शून्य. आपल्या भागातलं साधारण कुटुंब धरा, एक आयटीत नाहीतर वेअरहाऊसला सुपरवायझर, दुसरी एज्ड केअरला किंवा बँकेत पार्ट टाइम, मिळून दीड लाख, तर त्यांना सुमारे ७७ टक्के बसतात. पाच वर्षांपर्यंतची एकापेक्षा जास्त मुलं केअरमध्ये असतील तर धाकट्याला जास्तीची मिळते, ९५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण ते त्यांचं त्यांना मायगव्हवर, म्हणजे सरकारी सेवांच्या साइटवर, दिसतं, तुम्ही अंदाज करून कोणाला आकडा सांगू नका. मी एज्युकेटर्सना हे अगदी बजावून सांगते कारण तुम्ही तोंडी सांगितलेला आकडा पालक लक्षात ठेवतात आणि बिल जास्त आलं की तुमच्याशीच वाद होतो.

आणि हे टक्के तुमच्या फीचे टक्के नाहीत!! मैत्रिणीचा घोटाळा इथे होतोय. सरकारने दर तासाची एक कमाल मर्यादा ठरवलेली आहे, अवरली रेट कॅप. तुमची फी आणि ही कॅप यात जे कमी असेल त्याच्यावर टक्के लागतात. २०२५-२६ ला फॅमिली डे केअरची कॅप १३.५६ डॉलर आहे, सेंटरची, म्हणजे लाँग डे केअरची, १४.६३. दर जुलैमध्ये हे आकडे बदलतात, कुठल्या तरी जुन्या पोस्टमधला आकडा घेऊन फी ठरवू नका.

तेच दीड लाखवालं कुटुंब घेऊ, दिवसाचे दहा तास. तुमची फी तासाला १२ डॉलर असेल तर दिवसाचे १२०. त्याचे ७७ टक्के म्हणजे ९२.४० सीसीएस, त्यातले ५ टक्के सेंटरलिंक मागे ठेवतं, ते का ते पुढे सांगते, म्हणजे प्रत्यक्षात वजा होणार ८७.७८ आणि पालकांच्या खिशातून जाणार ३२.२२. आता फी केली १३.५०. दिवसाचे १३५, पालकांच्या खिशातून जाणार ३६.२५. म्हणजे तुम्हाला पंधरा डॉलर जास्त आणि त्यांना फक्त चार जास्त. इथपर्यंत मैत्रीण बरोबर आहे. पण पुढे अजून दीड डॉलर वाढवून १५ केलेत की दिवसाचे १५०, सीसीएस मात्र १३.५६ वरच मोजली जाणार, आणि पालकांची गॅप फी, म्हणजे त्यांच्या खिशातून जाणारी रक्कम, थेट ५०.८१. म्हणजे तुमच्या दुसऱ्या पंधरा डॉलरमधले साडेचौदा त्यांच्या खिशातून. कॅपच्या खाली फी वाढवली तर बोजा वाटून घेतला जातो, कॅपच्या वर वाढवली की सगळी वाढ पालकांच्या डोक्यावर, मग त्यांना ९० टक्के मिळत असो की ५०. उलट ९० टक्केवाल्यांना ते जास्त जाणवतं कारण त्यांचं बजेट आधीच तंग असतं, रोजचे सतरा-अठरा डॉलर द्यायची सवय असते आणि एकदम चौतीस झाले की ते दुसरीकडे बघायला लागतात.

यात एक बारीक गोष्ट नवीन एज्युकेटर्सच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पॅरेंट लेव्ही. बऱ्याच सर्व्हिसेस तुमच्या फीच्या वर तासाला काही रक्कम पालकांकडून घेतात, एक डॉलर, दीड डॉलर, प्रत्येक ठिकाणी वेगळं. ती रक्कम फीमध्येच धरली जाते, म्हणजे तिच्यावर सीसीएस मिळते पण ती कॅपमध्येही मोजली जाते. तुम्ही मनात १३ धरून बसलात आणि सर्व्हिसची लेव्ही दीड डॉलर असेल तर पालकांसाठी फी साडेचौदा झाली, कॅप केव्हाच ओलांडली. काही सर्व्हिसेस हीच लेव्ही पालकांऐवजी एज्युकेटरकडून कापतात, काही दोघांकडून. कुठलं चांगलं हे सरसकट सांगता येत नाही, पण सर्व्हिस निवडताना "माझी फी किती ठेवू" च्या आधी "पालकाच्या बिलावर शेवटचा आकडा काय दिसेल आणि माझ्या खात्यात किती येईल" हे दोन आकडे लेखी मागा. जी सर्व्हिस हे दोन आकडे सरळ देत नाही तिच्याकडे मी तरी जाणार नाही.

तासांकडे येऊ, कारण टक्क्यांइतकंच हेही महत्त्वाचं आहे आणि नुकतंच बदललंय. आधी आई-बाबा दोघं किती काम करतात किंवा शिकतात त्यावर पंधरवड्याला सबसिडीचे तास ठरायचे, आणि एकजण घरी असेल तर बऱ्याचदा काहीच नाही किंवा अगदी थोडे. ५ जानेवारी २०२६ पासून थ्री डे गॅरंटी आली, म्हणजे सीसीएसला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला मुलामागे पंधरवड्याला किमान ७२ तास, काम करा न करा. आणि दोघांचंही पंधरवड्याला ४८ तासांच्या वर काम, अभ्यास, व्हॉलंटिअरिंग वगैरे असेल किंवा सूट असेल तर १०० तास. आपल्या लोकांसाठी हा मोठा फरक आहे, कारण नवीन आलेल्या कुटुंबात एकाला नोकरी मिळालेली असते आणि दुसरं शोधत असतं, अशांना पूर्वी केअर परवडायचीच नाही, आणि केअर नाही म्हणून इंटरव्ह्यूला जायची पण पंचाईत. आता त्या आईला आठवड्याचे तीन दिवस मिळतात.

पण तास म्हणजे तुम्ही बिल केलेले तास, मूल प्रत्यक्षात बसलं तेवढे नाहीत. समजा पालकांना १०० तास आहेत आणि तुम्ही रोजचं सेशन अकरा तासांचं ठेवलंत, सकाळी सात ते सहा, आठवड्याचे पाच दिवस, तर पंधरवड्याला ११० तास झाले आणि शेवटच्या दहा तासांची पूर्ण फी पालकांना. सेशन नऊ किंवा दहा तासांचं ठेवलं की हा प्रश्नच येत नाही. इथे फॅमिली डे केअरचा सेंटरपेक्षा खरा फायदा आहे, सेंटरला बहुधा अख्ख्या दिवसाचं सेशन घ्यावं लागतं, आपण पालकाच्या शिफ्टप्रमाणे साडेसात ते साडेचार असं बसवू शकतो. मी नवीन एज्युकेटरला नेहमी सांगते, फीवरून सेंटरशी स्पर्धा करायला जाऊ नका, तासांवरून करा.

पात्र कोण नाही हेही सांगते, कारण पहिले फोन तुम्हाला ओळखीतूनच येणार. टेम्पररी वर्क व्हिसावाल्यांना, म्हणजे ४८२ वगैरे, सीसीएस नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांनाही नाही, ऑस्ट्रेलियन सरकारने स्वतः स्पॉन्सर केलेलं असेल तरच. ते लोक पूर्ण फी भरून मूल ठेवू शकतात, पण सबसिडी मिळेल असं त्यांना कोणी चुकून सांगू नका. पीआर नवीन मिळालेल्यांना मात्र थांबावं लागत नाही, लगेच क्लेम करता येतो. आणि क्लेम वेळेत करायला सांगा, मागच्या तारखेपासून फक्त २८ दिवसांपर्यंतच मिळते, "नंतर करू निवांत" म्हणणारी कुटुंबं पूर्ण फी भरून बसलेली मी पाहिलीयेत.

लसीकरणाचं आपल्या लोकांचं हमखास अडतं. मुलाचा जन्म भारतातला, सगळ्या लसी वेळच्या वेळी घेतलेल्या, पण त्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांच्या पिवळ्या नाहीतर हिरव्या कार्डावर, हाताने लिहिलेल्या, वर शिक्का. इथल्या इम्युनायझेशन रजिस्टरवर त्यातलं काहीच नसतं आणि सीसीएस तर त्या रजिस्टरवरून ठरते. शिवाय दोन्हीकडचं वेळापत्रक वेगळं आहे, बीसीजी इथे सरसकट देत नाहीत आणि इथली बारा महिन्यांची मेनिंगोकॉकल तिकडच्या कार्डावर बहुतेक नसते. तर पालकांना पहिल्याच भेटीत सांगा की कार्ड घेऊन जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) किंवा काउन्सिलच्या लसीकरण सेवेकडे जा, जुन्या लसी रजिस्टरवर चढवून घ्या आणि राहिलेल्यांचं कॅच अप शेड्यूल करून घ्या, त्यावर सबसिडी सुरू राहते. व्हिक्टोरियात त्याशिवाय नो जॅब नो प्ले, म्हणजे लसी नसतील तर प्रवेश नाही हा नियम, आहेच, त्यामुळे एन्रोलमेंटच्या वेळी इम्युनायझेशन स्टेटमेंट तुम्हाला लागणारच.

आता कागद. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण पैसे अडकतात ते इथेच. मूल घ्यायचं ठरलं की सर्व्हिस आणि पालक यांच्यात लेखी करार होतो, दिवस, वेळ, फी सगळं त्यात. मग सर्व्हिस सॉफ्टवेअरमधून एन्रोलमेंट नोटिस पाठवते आणि पालकाला मायगव्हमध्ये जाऊन ते कन्फर्म करावं लागतं. हे एक बटण दाबायचं राहून गेलं की सबसिडी सुरूच होत नाही. नवीन एज्युकेटरच्या पहिल्या आठवड्यात हे इतक्या वेळा होतं! मूल आलं, रडलं, रुळलं, आठवडा संपला, आणि पैसे बघायला गेलं तर एन्रोलमेंट पेंडिंग. पालक म्हणतात आम्ही क्लेम केलाय की, हो, क्लेम केलाय पण कन्फर्म नाही केलं, दोन्ही वेगळं आहे. मी माझ्या एज्युकेटर्सना सांगते की ओरिएंटेशनच्या दिवशी पालक समोर सोफ्यावर बसलेले असतानाच त्यांना फोनवर मायगव्ह उघडायला लावा, आणि मुलाचा आणि पालकाचा सीआरएन (सेंटरलिंकने दिलेला) नंबर, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग सेंटरलिंकला जसं आहे तस्संच घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, एकीकडे आडनाव एक आणि दुसरीकडे दुसरं, असा गोंधळ असतो, स्पेलिंग जुळलं नाही की एन्रोलमेंट परत येते.

मग रोजची हजेरी. सोडताना आणि नेताना पालकांनी स्वतः साइन करायचं, खरी वेळ टाकून. मूल साडेतीनला नेलं तर साडेतीनच पडलं पाहिजे, करार साडेचारपर्यंतचा असला तरी. फी करारातल्या सेशनची लागते, त्याचं टेन्शन घेऊ नका, पण प्रत्यक्षातली वेळ वेगळी रिपोर्ट होते आणि ती खरीच असायला हवी. आठवड्याभराच्या सह्या शुक्रवारी एकदम करून घेणं, किंवा आईने "तूच टाक गं माझ्या वतीने" म्हटलं म्हणून पिन टाकून देणं, हे ओळखीच्या लोकांत फार सहज होतं आणि हेच सगळ्यात धोक्याचं आहे. सर्व्हिसला आठवडा संपल्यापासून १४ दिवसांत सेशन रिपोर्ट पाठवायचा असतो, म्हणून ती तुमच्याकडून टाइमशीट रविवारी किंवा सोमवारीच मागते. तुम्ही उशीर केला तर तुमचेच पैसे पुढच्या आठवड्यात ढकलले जातात. नोंदी सात वर्षं जपून ठेवाव्या लागतात.

सरकार एवढं कडक का, तर फॅमिली डे केअरचा इतिहास फार चांगला नाहीये. दहाएक वर्षांपूर्वी एज्युकेटर आपापली मुलं एकमेकींकडे ठेवल्याचं दाखवून सबसिडी घ्यायच्या, ते २०१५ ला बंद केलं. न आलेल्या मुलांची हजेरी लावली म्हणून व्हिक्टोरिया आणि न्यू साऊथ वेल्समध्ये कितीतरी सर्व्हिसेस बंद झाल्या, केसेस झाल्या. आणि जुलै २०२५ ला कायदा बदलून मुलांच्या सुरक्षिततेचे आणि दर्जाचे निकष न पाळणाऱ्या प्रोव्हायडरची सीसीएसच बंद करायचा अधिकार फेडरल सरकारने घेतला. सर्व्हिसची सीसीएस गेली की तिच्याखालच्या सगळ्या एज्युकेटर्सचं काम त्या दिवशी थांबतं, तुमची स्वतःची काही चूक नसली तरी. म्हणून सर्व्हिस निवडताना लेव्ही किती कमी यापेक्षा तिचं क्वालिटी रेटिंग काय आहे आणि कोऑर्डिनेटर घरी खरंच येते का हे बघा. जी सर्व्हिस म्हणते आम्ही काही त्रास देत नाही, व्हिजिटला पण येत नाही, तिच्यापासून लांब राहा.

याच्याशीच जोडून गॅप फी. पालकांच्या वाट्याची फी घ्यावीच लागते, ती माफ करता येत नाही. "सरकारकडून येतंय ना तेवढं पुरे, वरचे राहू देत" असं मैत्रिणीला म्हणणं हा नियमभंग आहे, सबसिडी ही फीचा भाग भरण्यासाठी आहे, फी खरी आकारली गेली पाहिजे. आणि जुलै २०२३ पासून गॅप फी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यायची, कॅश चालत नाही, डिरेक्ट डेबिट किंवा बँक ट्रान्सफर. ओळखीत पैसे मागायला जड जातं हे मला कळतं, पण तुमची मेहनत आहे ती, आणि सर्व्हिसकडून डिरेक्ट डेबिट लावून घेतलंत की तुम्हाला तोंडाने मागावंच लागत नाही.

मूल आलं नाही तर काय? वर्षाला, म्हणजे जुलै ते जून, प्रत्येक मुलाला ४२ गैरहजेरीचे दिवस सबसिडीसकट मिळतात, कारण विचारत नाहीत. हे ४२ मुलाचे आहेत, तुमचे नाहीत, दुसऱ्या सेंटरला वापरले असतील तर तेही यातच. दोन ठिकाणी फसायला होतं. एक, मूल सोडून जाताना. पालकांनी दोन आठवड्यांची नोटिस दिली आणि त्या दोन आठवड्यांत मूल आलंच नाही, तर शेवटच्या हजर दिवसानंतरच्या दिवसांना साधारणपणे सबसिडी मिळत नाही आणि पूर्ण फी पालकांवर येते. करार करतानाच हे सांगा, "शेवटच्या दिवशी मूल आणा" एवढं वाक्य पुरतं. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः रजेवर असाल तेव्हा. एज्युकेटरच उपलब्ध नसेल तर ती मुलाची गैरहजेरी धरत नाहीत, सबसिडी नाही. डिसेंबरात पाच आठवडे भारतात जाऊन यायचं म्हटलं की पाच आठवडे उत्पन्न शून्य आणि तिकिटांचा खर्च वेगळा, आणि पालकांना तोपर्यंत दुसरीकडे सोय झाली तर ते परत येतीलच असं नाही. वर्षाच्या हिशोबात हे आधी धरा.

त्या ५ टक्क्यांचं. पालक वर्षाच्या सुरुवातीला उत्पन्नाचा अंदाज सांगतात, वर्षअखेर टॅक्स रिटर्न झालं की खरा आकडा कळतो, फरक निघाला तर पालकांवर कर्ज होऊ नये म्हणून सेंटरलिंक दर वेळी ५ टक्के मागे ठेवतं आणि नंतर हिशोब करून देतं. तो व्यवहार त्यांच्यात आणि सेंटरलिंकमध्ये. तुमच्याकडे कोणी विचारायला आलं तर तेवढंच सांगा, आणि दोघांपैकी कोणाची नोकरी बदलली की अंदाज बदला असंही सांगा.

आता तुमच्या मुलीचं, जे तुम्ही प्रश्नात सहज लिहिलंय पण माझ्या मते सगळं गणित तिच्यावर फिरतं. तुमच्या स्वतःच्या मुलाला तुमच्याकडेच ठेवून सीसीएस मिळत नाही, हे तर झालंच. पण जागेचं काय? फॅमिली डे केअरला एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं, त्यातली शाळेच्या आधीच्या वयाची चारच. तुमची स्वतःची १३ वर्षांखालची मुलं यात मोजतात, त्यांना बघायला दुसरं मोठं माणूस घरात नसेल तर. म्हणजे चार लहान जागांपैकी एक तुमच्या मुलीची, पैसे देणाऱ्या तीन. तिला दुसऱ्या फॅमिली डे केअरला ठेवून इकडे काम करायचं म्हटलं तर त्याच दिवसांची सबसिडी काही ठरावीक परिस्थिती सोडून मिळत नाही, वर सांगितलं त्या २०१५ च्या प्रकरणामुळेच. लाँग डे केअर सेंटरला ठेवली तर मात्र मिळते. काहीजणी आठवड्यातून दोन दिवस तसं करतात. पण तिला जवळ ठेवता यावं म्हणून तर तुम्ही हे करताय, तेव्हा हा निर्णय पैशाचाच नाही, आणि मी तो तुमच्यासाठी करू शकत नाही.

सासू-सासरे किंवा आई-बाबा भारतातून येणार असतील तर अजून एक. घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाचं वर्किंग विथ चिल्ड्रन चेक किंवा पोलीस चेक सर्व्हिसला बघावं लागतं. सहा महिन्यांसाठी आलेली आजीसुद्धा यात येते. तिकीट काढलं की सर्व्हिसला कळवा, विमानतळावरून आणल्यावर नको. आजी प्रेमाने मुलांना खाऊ भरवते, सगळं खरं, पण मुलांची जबाबदारी तिच्यावर टाकून तुम्ही दहा मिनिटं वूलवर्थ्सला जाऊन येणं चालत नाही.

इथपर्यंतचं एकत्र धरून पहिल्या काही महिन्यांचं चित्र बघू. सुरुवातीला त्या तिन्ही जागा भरत नाहीत, दोन मुलं, आठवड्याचे तीन दिवस, नऊ तास, तासाला १२ असं धरलं तर आठवड्याला ६४८ डॉलर. यातून सर्व्हिसची लेव्ही, इन्शुरन्स, खाणं, खेळणी, फर्स्ट एडचे रिफ्रेशर, आणि टॅक्ससाठी बाजूला. हातात येणारी रक्कम तुम्ही मनात धरलेल्यापेक्षा कमी असेल. घराला आधी लागणारा खर्च, कुंपण, गेट, स्मोक अलार्म, कपाटांची लॉक्स, हा घराघरावर अवलंबून आहे, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी आधी घ्या. घरात दुसरा पगार चालू असेल तर सहा महिने धीर धरता येतो, नसेल तर मी सरळ सांगेन की आधी सेंटरला नोकरी करा.

सेंटरचा विषय निघालाच तर, तुम्ही कदाचित ऐकली असेल ती १५ टक्के पगारवाढीची सरकारी ग्रँट सेंटर आणि आफ्टर स्कूल केअरच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, डिसेंबर २०२४ ला १० टक्के आणि डिसेंबर २०२५ ला ५ टक्के. आपण फॅमिली डे केअरवाल्या त्यात नाही. मला हे पटत नाही, काम तेच आहे आणि आम्ही एकटीने करतो, पण आज तरी नियम असा आहे.

आणि व्हिक्टोरियात मूल तीन वर्षांचं झालं की पालक फ्री किंडरकडे, म्हणजे मोफत बालवाडीकडे, बघायला लागतात, त्यामुळे तुमची मुलं बहुतेक एक ते तीन वयाची असणार आणि दर जानेवारीत एखादी जागा रिकामी होणार. यावर चांगला उपाय म्हणजे किंडरचं पिकअप, किंडर आठवड्याला साधारण पंधरा तासांचं असतं आणि पालकांचं काम चाळीस तासांचं, मधले तास कोणीतरी भरून काढावेच लागतात. जवळचं किंडर चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर हे तुमच्या जाहिरातीत सगळ्यात वर लिहा.

फी ठरवायच्या आधी स्टार्टिंग ब्लॉक्सच्या वेबसाइटवर तुमचा पोस्टकोड टाकून आजूबाजूच्या सेंटर्सच्या आणि फॅमिली डे केअरच्या फी आणि रेटिंग बघून घ्या. मग दोन-तीन सर्व्हिसेसना फोन करा, लेव्ही, पेमेंट कोणत्या वारी होतं, आणि पालकाकडून गॅप फी थकली तर तोटा कोणाचा, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळेल, ते करारात कसं लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका.